सिलिकॉनची ट्यूब बेसिनला लावा, सनरूफला नको

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. गुढीपाडव्याला आम्ही सेकंडहँड एसयूव्ही घेतली, २०१८ ची, डिझेल. लेकीचा हट्ट म्हणून सनरूफवाली. सोसायटीत आम्हाला उघडं पार्किंग आहे, गुलमोहराखाली. मे महिन्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून पाय खाली ठेवला तर मॅट चपचपीत! आरशाजवळ छताच्या कापडावर चहा सांडल्यासारखा डाग पडलाय. पुढची काच आतून सारखी धुरकट होते. सनरूफ उघडताना करकर वाजतं. भरीस भर म्हणून माजिवड्याच्या सिग्नलला मागची डावी काच खाली केली, ती खट्‌कन दारात पडली ती वर येईना. आणि गायमुखच्या घाटात डंपरमधून खडी उडून पुढच्या काचेला चण्याच्या डाळीएवढा तारा पडला. आमचे मेकॅनिक म्हणतात, सनरूफला चारी बाजूंनी सिलिकॉन लावून कायमचं बंद करा, पुढची काच बदला आणि मागच्या काचेला नवीन मशीन टाका. मिस्टर तयार आहेत. सासरे म्हणतात, आमच्या जुन्या गाडीत कधी पाण्याचा थेंब आला नाही, छताला भोक पाडायचे हे धंदे सांगितले कुणी? काका, आम्ही फसलो का? पुरात बुडालेली गाडी तर गळ्यात मारली नाही ना? आणि ते सिलिकॉन लावू का नको? नाव छापू नका, सासरे हे सदर वाचतात.
– सनरूफवाली, ठाणे

सनरूफवाल्या ताई,

सिलिकॉन लावू नका. मेकॅनिकने ट्यूब आणून ठेवली असेल तर घरातल्या बेसिनच्या कडेला लावा, तिथे तिचा उपयोग होईल. पुढची काचही इतक्यात बदलू नका. मागच्या काचेचं मशीन मात्र बहुधा बदलावंच लागेल, तिथे तुमचा माणूस बरोबर आहे. तिनात एक. वागळे इस्टेटला मी बावीस वर्षं गाड्यांच्या काचांची कामं केली, त्या अनुभवावरून सांगतो, हे प्रमाण काही वाईट नाही.

आधी फसवणुकीचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. पुराचं पाणी खालून वर चढतं. तुमचा डाग छतावर आहे, म्हणजे पाणी वरून खाली आलंय. तरी मनाची खात्री करून घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा आणि त्याचा एरवी गुंडाळलेला असतो तो भाग बघा. पुरातल्या गाडीत तिथे मातकट रेघ सापडते. विकणारा सीटकव्हर बदलतो, गाडी धुतो, अत्तर मारतो, पण पट्ट्याच्या त्या शेवटच्या वीतभराकडे त्याचं लक्ष जात नाही. मग स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट गंजलेत का बघा. तिथे वाळलेला गाळ नसेल तर निश्चिंत राहा. गाडी पुरातली नाही, गुलमोहराखालची आहे.

आता सनरूफ. लोकांची सगळ्यात मोठी चुकीची समजूत अशी की काचेभोवतीचं रबर पाणी आत येऊच देत नाही. ते रबर सगळं पाणी अडवायला नसतंच. थोडं पाणी कडेने आत झिरपणार हे गाडी बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. म्हणून काचेखाली चारी बाजूंनी एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, बहुतेक गाड्यांत चार. पुढच्या दोन नळ्या पुढची काच आणि दार यांच्यामधल्या तिरक्या खांबातून उतरतात आणि दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकावरच्या पोकळीत बाहेर पडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून जाऊन बंपरच्या आसपास निघतात. तुमच्या सासऱ्यांनी कौलारू घर बघितलं असेलच. पन्हळीत पाचोळा अडकला की पाणी कडेवरून उलटं ओटीवर यायचं. तेव्हा कौलं बदलत नव्हते, कुणीतरी शिडी लावून पन्हळ साफ करायचं. तुमच्या गाडीत तेच झालंय.

शिवारात आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतो. गाडीत पाणी अडवलं की ते मॅटिंगखालच्या फोममध्ये जिरतं. सिलिकॉन लावलेली सनरूफ माझ्याकडे यायची ती दोनतीन पावसाळ्यांनंतर. उन्हाने काच आणि पत्रा वेगवेगळे ताणतात, सिलिकॉनला केसाएवढी चीर पडते आणि पाणी पुन्हा आत यायला लागतं. शिवाय लावताना थोडं सिलिकॉन ओघळून नेमकं नळीच्या तोंडावर बसलेलं असतं. म्हणजे येणं चालू आणि जाणं बंद. वाशीहून एक गृहस्थ अशी गाडी घेऊन आले होते. पात्याने सगळं सिलिकॉन खरवडून काच उघडायला आम्हाला अख्खा दिवस लागला. आत पन्हळीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं, आणि लोखंडी पट्टीवर गंजाचे पापुद्रे. त्यांनी विचारलं, आता किती खर्च येईल? मी म्हटलं, बसा, आधी चहा घेऊ.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पाऊस नसलेली सकाळ बघा. सनरूफ पूर्ण उघडा, दारात उभ्या राहून पन्हळीचे पुढचे दोन कोपरे टॉर्चने बघा. काळा चिखल दिसेल आणि त्यात गुलमोहराची ती चिंचेच्या पानासारखी बारीक पानं चिकटलेली असतील. गुलमोहर दिसायला राजा आणि गाडीला वैरी, कारण त्याचं पान नळीत जाईल एवढं लहान आणि तिथे अडकेल एवढं मोठं असतं. (पाम बीच रोडच्या बाजूचे लोक सोनमोहराबद्दल हीच तक्रार करतात, त्याच्या पिवळ्या पाकळ्यांचा ओला लगदा होतो.) ओल्या फडक्याने पन्हळ आधी पुसून काढा, कचरा नळीत ढकलू नका. मग पेलाभर पाणी घ्या आणि डाव्या कोपऱ्यात बारीक धारेने सोडा. लेकीला खाली पुढच्या डाव्या चाकामागे उभी करा. नळी मोकळी असेल तर काही क्षणांत तिथून टपटप सुरू होईल. ती "आलं, आलं" म्हणाली तर नळी साफ. ती गप्प उभी राहिली आणि वर पन्हळीत पाणी तुंबलं, तर चोर सापडला. चारही कोपऱ्यांना हेच करा, उजव्यांनाही.

तुंबलेली नळी मोकळी करायला सोसायटीच्या माळीकाकांकडून गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हातभर मागून घ्या. तिचं टोक जरा घासून गोल करा म्हणजे नळीला भोक पडणार नाही, आणि वरून हळूहळू सरकवा. अडलं की मागे घ्या, गोल फिरवा, पुन्हा सरकवा. जोर करू नका. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. नळी वरच्या तोंडावर नुसती बसवलेली असते, जोराच्या हवेने ती आतल्या आत निसटते, आणि मग पाणी थेट खांबातून तुमच्या पायावर येतं. ती परत बसवायची तर छताचं कापड उतरवावं लागतं. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चिमटीत मावेल असं रबरी तोंड असतं, त्यात गाळ साचतो. ते खालून बोटांनी दाबलं तरी अर्धं काम होतं. आणि तो तिरका खांब, त्याचं प्लास्टिकचं कव्हर स्वतः उपटायला जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथूनच जाते. ते काम जाणत्याचं.

एक फाटा मात्र इथे तपासायला हवा. डावी मॅट ओली होण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे एसी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीची थंड जाळी डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला असते, तिचं पाणी एका लहान नळीतून गाडीखाली पडतं. एसी लावून उभ्या गाडीखाली थारोळं दिसतं ना, ते हेच. ती नळी तुंबली की तेच पाणी आत मॅटवर येतं. म्हणून नीट आठवा, मॅट पाऊस पडून गेल्यावर ओली होते की कोरड्या दिवशी एसी लावून ठाणे-दादर केलं तरीही होते? छताच्या डागामुळे माझा संशय सनरूफवरच आहे, पण दोन्ही एकदम असू शकतात. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. पावसाचं गढूळ असतं. बोटाला चिकट लागलं आणि गोडूस वास आला तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आहे. मग हे सदर बाजूला ठेवून गाडी गॅरेजला न्या.

वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळीही बघा. तिथे पाचोळा साचला की पाणी बाहेरच्या हवेच्या वाटेने आत येतं. मी एकदा त्या जाळीखालून पिंपळाचं दोन पानांचं रोप काढलं होतं, मुळासकट. मालकीणबाईंनी ते कुंडीत लावलं.

नळ्या मोकळ्या झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही. वरची मॅट काढून उन्हात टाकणं सोपं असतं. खरं पाणी तिच्याखालच्या मॅटिंगमध्ये आणि त्याखालच्या जाड फोममध्ये असतं. हाताने दाबून बघा, स्पंजासारखं पाणी वर येईल. त्याच फोमखालून गाडीच्या वायरी आणि जोड जातात, म्हणून हे नुसतं वासाचं प्रकरण नाही. सीट शक्य तेवढी मागे घ्या, मॅटिंग कडेने उचलून खाली वर्तमानपत्रांचे जाड थर घाला आणि तासातासाने बदला. नंतर दारं उघडी ठेवून टेबलफॅन लावा. एका दिवसात होत नाही, दोनतीन दिवस धरा. जुलैत ठाण्यात दोन दिवस सलग कोरडे कुठून आणायचे हा प्रश्न योग्य आहे. ओळखीच्या कुणाचं झाकलेलं पार्किंग मागा. कापराच्या वड्या, कॉफीची पुडी, डॅशबोर्डवरचं लिंबाच्या वासाचं खेळणं, यांनी कुबट वास जात नाही. फक्त लिंबाचा कुबट वास येतो.

काच आतून धुरकट होते त्याचंही निम्मं कारण ही ओल आहे. मॅटिंगमधलं पाणी वाफ होऊन काचेवरच बसणार. तोवर एसी चालू ठेवून हवेचा झोत पुढच्या काचेवर घ्या आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवा. पाऊस आहे म्हणून एसी बंद करू नका, एसीच हवेतला दमटपणा काढतो. धुकं बाहेरून बसलं असेल, म्हणजे वायपर फिरवल्यावर जात असेल, तर उलट एसीचं गारठण कमी करा. आणि डॅशबोर्डला चकाकीचं तेलकट पॉलिश लावत असाल तर थांबवा, उन्हात त्याचा पातळ थर काचेवर चढतो आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यावर फाकतो.

करकर आवाज किरकोळ आहे. रुळांत धूळ बसलीय. कोरड्या ब्रशने आणि फडक्याने रूळ पुसा, सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन पातळ लावा, रबराला सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून चोळा. (हे सिलिकॉन वेगळं, चिकटवायचं नव्हे! मेकॅनिकला सांगताना घोळ करू नका.) खोबरेल तेल नको, मशीनचं तेल नको. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात रुळात खरकागद तयार होतो. बॅटरी काढली असेल आणि त्यानंतर सनरूफ अर्ध्यावर थांबत असेल किंवा बंद होऊन परत उघडत असेल, तर मोटर बिघडलीय असं कुणी सांगितलं तरी लगेच मानू नका. गाडीच्या पुस्तकात ती पुन्हा शिकवायची पद्धत दिलेली असते. सहसा बटण बंदच्या दिशेला दाबून धरायचं असतं, काच एक पूर्ण फेरी करून थांबेपर्यंत. त्यात काही खर्च नाही.

आता माजिवड्याची काच. खट्‌ आवाज येऊन काच आपल्या वजनाने दारात पडली म्हणता, म्हणजे काचेच्या मशीनची तार तुटली किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप मोडली. तरी मशीन विकत घ्यायच्या आधी एकदा कान लावा. बटण दाबल्यावर आत मोटर गरगर फिरतेय आणि काच हलत नाही, तर मोटर शाबूत आहे, मशीन गेलंय. काहीच आवाज नाही, तर आधी फ्यूज, मग स्विच. त्या दाराचं स्वतःचं बटण आणि ड्रायव्हरकडचं बटण, दोन्हींनी करून बघा. एकाने चालते आणि दुसऱ्याने नाही तर दोष बटणाचा. कधी कधी तर मुलांसाठी ठेवलेलं काचा लॉक करायचं बटणच दाबलेलं निघतं. हसू नका, त्यासाठी दार उघडलेलं मी पाहिलंय.

क्लिप काही वेळा सुटी मिळते, पण तार विस्कटली असेल तर अख्खं मशीनच घ्यावं लागतं. मोटर जुनी चालते का ते विचारा, आणि जुना भाग हातात मागून घ्या. काच बसवून झाल्यावर ती ज्या रबरी चॅनलमधून वरखाली होते ते नखाने दाबून बघा. उन्हाने ते कडक झालेलं असतं, काच त्यात अडकत अडकत चढते, सगळा ताण तारेवर येतो. चॅनल तसंच ठेवून मशीन बदललं तर नवीन तारही लवकर जाईल. तुमच्या बाकीच्या काचा सावकाश चढत असतील तर त्या तिन्ही चॅनलना आत्ताच स्वच्छ पुसून सिलिकॉन स्प्रे द्या. दुरुस्तीपर्यंत पडलेली काच दोघांनी मिळून वर आणा. एकाने दोन्ही तळव्यांत दोन्हीकडून काच धरून वर ओढायची, दुसऱ्याने बटण दाबायचं. वर आली की चौकटीला रुंद टेप मारा आणि त्या बटणाला हात लावू नका.

या कामात एका गोष्टीसाठी मेकॅनिकच्या डोक्यावर उभ्या राहा. डोअरपॅड, म्हणजे दाराचं आतलं कव्हर, काढलं की आत दाराच्या पत्र्यावर एक प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला दिसेल. काचेच्या कडेने दारात पाणी उतरणं हे नेहमीचंच आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं, आणि हा पडदा त्याला सीटकडे येऊ देत नाही. घाईतला कारागीर पडदा फाडतो किंवा परत लावतच नाही, वर डोअरपॅड बसवून मोकळा होतो. पहिल्या पावसात मागची मॅट ओली आणि बिल मात्र 'सनरूफ लीकेज'चं! पडदा कडेकडेने दाबून नीट चिकटवलेला तुमच्या डोळ्यांनी बघा, मगच डोअरपॅड बसवू द्या. दार जोरात हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर तळाची भोकं बुजलीत, काडीने मोकळी करा. सासऱ्यांना सांगा (ते वाचतच असतील, नमस्कार), जुन्या गाड्यांतही पाणी यायचं. पत्र्याला तळाशी गंजाने इतकी भोकं पडलेली असायची की थांबायचं नाही, एवढंच.

उरला काचेवरचा तारा. पुढची काच एकसंध नसते. दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा, असं ते सँडविच असतं. म्हणून ती तडकली तरी अंगावर कोसळत नाही. बाजूच्या काचा टेम्पर्ड, त्या फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो. खडीचा मार फक्त बाहेरच्या काचेला बसला असेल, टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल, काचेच्या कडेपासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या नेमका नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव, भरता येतं. भोकातली हवा ओढून घेतात, रेझिन सोडतात आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतात. चण्याची डाळ या मापात आरामात बसते. फिकट ठिपका राहील, पण तडा पुढे सरकणार नाही. अट एकच, उशीर नको. टवक्यात माती आणि पाणी गेलं की रेझिन नीट धरत नाही. आज घरी गेल्या गेल्या कोरड्या काचेवर टवक्याच्या वर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा. आणि उन्हात तापलेल्या काचेवर एकदम एसीचा गार झोत सोडू नका, गाडी धुताना गार काचेवर गरम पाणी तर नकोच. तारा एका रात्रीत वीतभर पळतो तो अशाच हिसक्याने.

तडा पळालाच, किंवा कडेपर्यंत गेला, तर मात्र काच बदलायची. तेव्हा पावसात उघड्यावर बसवू देऊ नका. काच ज्या काळ्या चिकट मालावर बसते त्याला पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ लागतो. अपघातात पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते, तेव्हा "तासाभरात घेऊन जा" म्हणणाऱ्याला त्या मालावर किती वेळ लिहिलाय ते विचारा, आणि तेवढा वेळ गाडी हलवू नका. पहिला दिवस एक काच बोटभर उघडी ठेवा, म्हणजे दार आपटल्यावर आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येणार नाही. गाडीला पावसाचा सेन्सर किंवा आरशामागे कॅमेरा असेल तर तो परत जुळवून घ्यावा लागतो. फास्टॅगही जुन्या काचेबरोबर जातो, तो बँकेकडून नवीन घ्या. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांना कारचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ झालाय, म्हणून ऐरोली-मुलुंडपर्यंत ही आठवण होणार नाही. ती एकदम पुण्याला जाताना खालापूरला होईल.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक छपाई असते, बनवणाऱ्याचं चिन्ह, आयएसआयचा शिक्का आणि वर्षाची खूण. गाडीच्या सगळ्या काचांवरची ती एकदा वाचून काढा. पुढचीच वेगळी निघाली तर घाबरू नका, घोडबंदरला डंपरमागे चालणाऱ्या गाडीची पुढची काच बदललेली असणं स्वाभाविक आहे. पण एका बाजूच्या दोन दारांच्या काचा वेगळ्या असतील, तर विकणाऱ्याला फोन करून नीट विचारा.

विम्याचं तुमच्या पत्रात काहीच नाही, म्हणून विचारतो. पाडव्याला गाडी घेतलीत, आरसी नावावर झाली, पण पॉलिसी झाली का? थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र तुमच्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचं असतं. राहिलं असेल तर उद्याच करा, कदाचित ते गाडीची तपासणी करतील. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यापोटीचा फरक भरावा लागेल. पुढे काचेचा क्लेम करायची वेळ आली तर काचेवर घसारा कापत नाहीत, पण रबर आणि प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, आणि दर क्लेममधून सक्तीची वजावट होते, इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १००० रुपये, त्याहून मोठं असेल तर २००० रुपये. एका टवक्याच्या रेझिनसाठी क्लेम करून पुढचा बोनस घालवू नका, ते खिशातून भरा.

क्रम असा ठेवा. आज चिकटपट्टी. या रविवारी नळ्या, मग वाळवण, आणि येत्या आठवड्यात मागचं मशीन. गुलमोहराखालची जागा सोसायटीत कुणाशी अदलाबदल करता आली तर बघा. नाहीतर महिन्यातून एकदा पन्हळ पुसायची, एप्रिल ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी.

आणि लेकीचं. चालत्या गाडीत सनरूफमधून तिला उभं राहू देऊ नका, सगळे व्हिडिओ काढतात तरी. गाडीने करकचून ब्रेक मारला तर त्या चौकटीची कड थेट तिच्या पोटाशी येते. तिने चाकाजवळ उभं राहायचं काम केलंय, तेव्हा तिला एक संध्याकाळ द्या. उपवनच्या काठाला गाडी उभी करा, इंजिन बंद करा, काच मागे सरकवा आणि दोघी सीट पाडून वर बघत बसा. येताना काच बंद केलीत ना, ते तेवढं तपासा.